तांडेलाचा ‘होय’

खालच्या दाढेचं इंजेक्शन दाढेजवळ देत नाहीत, हे मला रत्नागिरीत येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं. आमच्या हिंगोलीकडच्या गावात दाढ दुखली की लवंग धरायची, लवंगेनं भागलं नाही की तंबाखू, आणि तंबाखूनंही भागलं नाही की तालुक्याला जाऊन उपटून यायची. उपटताना बधिर करतात का, असलं कुणी विचारत नसे. मी आठवीतून शाळा सोडली, मिळेल ते काम केलं, आणि हायवेचं काम निघालं तेव्हा एका मुकादमाबरोबर हातखंब्याला येऊन पडलो. तिथं खडी पसरता पसरता माझीच दाढ ठणकायला लागली. गाल एवढा सुजला की हेल्मेटचा पट्टा लागेना. मुकादमानं मला रत्नागिरीत एका डॉक्टरबाईंच्या दारात सोडलं आणि गाडी वळवून तो निघून गेला.

बाईंनी त्या वेळी मला जे इंजेक्शन दिलं, त्याचे उपकार मी अजून फेडतोय. म्हणजे असं मी म्हणतो. बाई म्हणतात, "पगार देते मी तुला, उपकार कसले आलेत?" दाढ निघाली, सूज उतरली, आणि दाखवायला पुन्हा गेलो तर बाई एकट्याच. त्यांचा माणूस काम सोडून गेला होता. पेशंट त्याच बघतायत, फोन त्याच घेतायत, बेल वाजली की हातमोजे काढून दारही त्याच उघडतायत. मला ते बघवेना. मी उठून दार उघडत बसलो. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "उद्या पण येणार आहेस का दार उघडायला?" आलो. तेव्हापासून येतोच आहे.

माझं काम साधं. अवजारं धुवायची, वाफेच्या भांड्यात लावायची, दिवा नीट धरायचा, तोंडातलं पाणी ओढायची नळी धरायची. सुई हे डॉक्टरांचं काम, तिला मी हात लावत नाही. पण सुई टोचल्यावर जो वेळ जातो, तो बाईंनी माझ्याकडे दिला. तो कसा घालवायचा, हे त्यांनीच मला शिकवलं.

सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं, की वरच्या दाढेला तुम्ही दाढेशेजारीच टोचता, मग खालच्या दाढेला एवढं मागं कशाला जाता? बाई खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "ते कुंपण बघ. जांभा आहे. त्याच्यावर पाणी ओतलंस तर आत मुरतं. तुमच्याकडचा काळा दगड घे, त्याच्यावर ओत. वाहून जाईल. वरचा जबडा म्हणजे जांभा. औषध हाडात मुरतं, दाढेपर्यंत जातं. खालचा जबडा तुमचा काळा दगड. त्यात बाहेरून काही शिरत नाही. म्हणून जिथं नस हाडात शिरते, तिथं जाऊन तिला आधीच गाठायचं."

ती जागा शेवटच्या दाढेच्याही मागं, आतल्या अंगाला असते. डोळ्यांना दिसत नाही. बाई अंगठ्यानं हाड चाचपतात, सुई आत नेतात, दट्ट्या जरा मागं ओढून रक्त येत नाही ना ते बघतात, आणि मग अगदी सावकाश, पहाटे चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून आपण जेवढं जपून उभे राहतो तेवढंच जपून, औषध सोडतात. नस बरोबर सापडली की त्या बाजूचा सगळा खालचा जबडा झोपतो. खूण एकच, खालचा ओठ. अर्धा ओठ मधल्या रेषेपर्यंत मेल्यासारखा होतो. जीभही जड होते, पण जिभेवर विश्वास ठेवायचा नाही. जिभेची नस वेगळी, ती सहज सापडते. जीभ झोपलेली आणि दाढ टक्क जागी, असं होऊ शकतं.

आणि गंमत अशी, की माणसं खरं सांगत नाहीत.

"बधिर झालं का?" म्हणून विचारलं की सगळे "होय" म्हणतात. कुणाला साडेचारची एस.टी. गाठायची असते. कुणाला वाटतं, बाईंनी एवढं केलं, आता नाही कसं म्हणायचं? कुणी नुसतं घाबरून म्हणतं. बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, "झालं का असं विचारायचंच नाही. कसं लागतंय, ते विचार." मग काय काय ऐकायला मिळे! एक आजी म्हणाल्या, ओठाला कुणीतरी बटाटवडा बांधलाय. एका मास्तरांना वाटलं, शेजारच्याचा ओठ आपल्याला लावलाय. अशी उत्तरं आली की मी बाईंना मान हलवून खुणावायचो. नुसता ‘होय’ आला की थांबायचो. माझी बोली ऐकून पेशंट हसायचे. "खुलं लागतंय का जड लागतंय?" असं मी विचारलं की, "घाटावरचा दिसतोस रे तू," हे ठरलेलं. मला वाईट वाटायचं नाही. हसता हसता माणसाचा ओठ हलतो आणि एक बाजू मागं राहिलेली मला दिसते.

अशात नाटे गावचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, आला.

मासेमारी बंद असायचे दिवस होते, पण संपत आले होते. मिरकरवाडा बंदरावर होड्यांना रंग लागत होते, इंजिनं उघडून ठेवलेली. ह्या तांडेलाची होडी तिथलीच, म्हणजे मालकाची, चालवायचा तो. माणूस दांडगा, मान खांद्यात गेलेली, आवाज असा की दवाखान्यात हळू बोलला तरी बाहेरचं कुत्रं उठून उभं राहायचं. डाव्या बाजूची खालची शेवटची दाढ किडून आत पू झालेला. बाईंनी आधी सूज उतरायची औषधं दिली आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. तो आला, पायरीवर बसला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढच्या रविवारी मी सुक्या मासळीसाठी धक्क्यावर गेलो, तर हा जाळ्याच्या ढिगावर गाल धरून बसलेला. मला ओळखलं.

"काय रे घाटी, तुज्या बाईंनी पाठवलान् काय मला धरून न्यायला?"

"नाही हो मालक. सुके बांगडे घ्यायला आलो."

"मालक नको म्हणू. मालक तो तिकडं उभा हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्येनं सांगितलान्, दाढ काढून ये, नायतर होडी दुसऱ्याच्या हातात देतो. गेल्या हंगामात समुद्रात ठणकली तेव्हा परत फिरवावी लागली होती. भरल्या जाळ्यांच्या वक्ताला."

"मग या ना. दुखत नाही."

"मला सांगतोस? एकदा काढलीय मी, ह्या उजव्या बाजूची, खालचीच. इंजेक्शन दिलेलं. जनावर ओरडावं तसा ओरडलो असतो, पण ओरडलो नाय."

मी तोंड उघडून माझी मोकळी जागा त्याला दाखवली. "ही बाईंनीच काढली. दुखलं तर मला होडीवरनं समुद्रात टाका. पोहता येत नाही मला."

तो बराच वेळ माझ्या तोंडात बघत राहिला. मग म्हणाला, "मंगळवारी येतो."

शब्द देऊन बसलो आणि मग माझी झोप उडाली. माझा स्वभावच असा. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू कशाला शब्द दिलास? आधी पू झालेली दाढ आहे, औषध कमी धरतं." मंगळवारी सकाळी मी एकच ट्रे पुन्हा पुन्हा लावत बसलो होतो.

तांडेल आला, पण एकटा नाही. होडीवरचे चार खलाशी बरोबर. दाराशी दाटीवाटीनं उभे राहिले, सगळ्यांच्या अंगाला रंगाचा वास. बाईंनी त्याचा दाब तपासला, साखर-बिखर आहे का, कशाची अॅलर्जी आहे का ते विचारलं आणि त्याला खुर्चीत आडवं केलं. बाई म्हणाल्या, "मोठं उघडा." त्यानं सुपारीचं खांड टाकावं एवढं तोंड उघडलं. "अजून." थोडं अजून. त्या जबड्यात बाईंचा अंगठाही नीट जाईना. तरी त्यांनी जमेल तसं गाठलं, सावकाश औषध सोडलं, खुर्ची सरळ केली.

मी स्टूल ओढून शेजारी बसलो. "तांडेल, कसं लागतंय?"

"झालं."

"झालं नव्हे, लागतंय कसं?"

"जीभ जड झाली. झालं सगळं. होय."

दारातनं एक खलाशी म्हणाला, "आमचा तांडेल हाय तो. त्येला काय होतंय!"

बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले. "मी ओठाला काहीतरी लावीन. कुठल्या बाजूला लावलं ते सांगायचं." त्यांनी कापसाचं टोक त्याच्या उजव्या ओठाला टेकवलं.

"उजवा."

मग डाव्या ओठाला, अगदी हलकं, माशी बसावी तसं.

"डावा!" तांडेल ठणकावून म्हणाला.

"बरोब्बर!" दारातले चौघं एका आवाजात ओरडले, आणि एकानं तर टाळी वाजवली.

परीक्षेत पास व्हावं म्हणून त्यानं उत्तर दिलं होतं, आणि हीच एक परीक्षा अशी की बरोबर उत्तर आलं की नापास. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. त्या खलाशांना म्हणाल्या, "तुम्ही सगळे खाली चहा घेऊन या. इथं आता वेळ लागेल."

"आमी थांबतो की."

"गर्दी नको मला. जा."

चौघांच्या चपला जिन्यावरून वाजत गेल्या. मी दार लोटून घेतलं. बाई हातमोजे बदलायला बेसिनकडे गेल्या आणि मुद्दाम पाठ करून उभ्या राहिल्या. मी स्टुलावर बसलो.

"तांडेल, आता कुणी नाही. ओठ कसा लागतोय?"

त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाला, "नाय रे. काय पण नाय झालंला. जीभ तेवढी गेली."

"मग होय कशाला म्हणालात?"

"मेल्या, ते चौघं उभे होते ना! समुद्रात वारा सुटला, पाणी आत आलं, तर पोरं माझ्या तोंडाकडं बघतात. मी भ्यालो असं दिसलं तर होडीत कोण कुणाचं ऐकणार? तांडेलानं ‘नाय’ म्हणायचं नसतं त्यांच्यासमोर."

मी विचारलं, मग मागच्या वेळी?

"तेव्हा बा उभा होता शेजारी. तोही तांडेल. डॉक्टरनं विचारलं, झालं का? मी म्हणालो, होय." मग तो स्वतःशीच म्हणाला, "इंजेक्शन वाईट असतं असंच समजून होतो मी."

बाई वळल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्यावरून त्याला टोकलं नाही. म्हणाल्या, "आता अजून थोडं औषध देता येईल, तेवढं मर्यादेत बसतंय. पण तोंड तुम्ही उघडत नाही. मागची जागा मला मिळत नाही. पहिली दाढ काढली त्या वेळीही असंच उघडलं असणार."

"उघडतोय की."

"एवढं नको. मोठं."

त्यानं पुन्हा सुपारीपुरतं उघडलं. घाम आला होता त्याला. मला आता राहवेना. काय बोलतोय ते कळायच्या आत मी बोलून गेलो, "तांडेल, लांबच्या होडीला हाक कशी मारता?"

"काय?"

"लांब कुणाची तरी होडी आहे. वाऱ्यात ऐकू जायला पाहिजे. कसं ओरडता?"

तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघायला लागला. मग त्याच्या छातीत काहीतरी भरलं, आणि त्यानं हाक मारली. "ओऽऽऽ होऽऽऽ!" खिडकीच्या काचा थरथरल्या. ते तोंड! दाढा, टाळू, पडजीभ, सगळं उन्हात ठेवल्यासारखं दिसलं.

"आवाज बंद!" बाई ओरडल्या. "तोंड तसंच. तस्संच ठेवा. हलू नका."

हाक थांबली, पण तोंड उघडंच राहिलं. बाईंचा अंगठा बिनदिक्कत आत गेला. मी दिवा वळवला. त्यांनी हाड चाचपलं, आणि त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या. सापडलं की त्या अशा करतात. सुई आत गेली. दट्ट्या किंचित मागं. स्वच्छ. मग सावकाश, सावकाश पुढं.

आणि तेवढ्यात जिन्यावर धडधड झाली. तांडेलाची हाक खालच्या टपरीपर्यंत गेली होती. हाक आली म्हणजे धावायचं, एवढंच त्या चौघांना माहीत. हातात चहाचे ग्लास घेऊनच ते दारात येऊन आदळले. मी उडी मारून दोन्ही हातांनी दार अडवलं.

"काय झालं? काय झालं तांडेलाला?"

"काही नाही. थांबा. बोलू नका."

"हाक मारलीन् त्येनं!"

"हो, मीच सांगितलं मारायला. गप्प राहा आता."

बाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांचा हात जागचा हलला नाही. औषध संपलं, सुई बाहेर आली, आणि तांडेलानं तोंड मिटून मोठा श्वास सोडला. एका खलाशाचा चहा माझ्या शर्टवर सांडला होता, ते मला नंतर कळलं.

मग थांबलो. ह्या वेळी मी काही विचारलं नाही. माझा धीरच होत नव्हता. घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून ट्रेकडे बघत बसलो. खलाशी दारात उभे, ग्लास हातात तसेच. तांडेलानं जबडा इकडून तिकडे हलवून पाहिला. हाताच्या पाठीनं हनुवटी पुसली. पुन्हा पुसली.

बाई म्हणाल्या, "मिटा डोळे."

त्यांनी कापूस उजव्या ओठाला लावला. "उजवा," तो म्हणाला.

डाव्या ओठाला लावला. तांडेल गप्प. बाईंनी जरा दाबून लावला. गप्प. कापूस ठेवून अवजाराचं टोक लावलं, हिरडीलाही टेकवलं. गप्प.

मग डोळे मिटलेलेच ठेवून तो जरा वैतागून म्हणाला, "लावा की बाई. कधी लावणार?"

दारातला एक खलाशी न राहवून ओरडला, "तांडेल, लावतायत ना मगापासून!"

मी नाचायचा तेवढा बाकी राहिलो. बाईंसमोर असं करायचं नसतं, पण माझ्या तोंडातून "आरं तिच्या मायला!" निघून गेलं, आणि बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गालाच्या बाजूला त्यांनी आणखी एक छोटं टोचलं, आणि म्हणाल्या, "आता दाब कळेल, करकर आवाज येईल. पण दुखलं तर डावा हात वर करा. होय म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. हात."

त्यानं डावा हात खुर्चीवर ठेवला आणि उजव्यानं माझं मनगट धरलं. दाढ सोपी नव्हती. मुळं वाकडी, दोन बाजूंना पसरलेली. बाई खांद्यापासून जोर लावत होत्या, मी नळी धरून होतो, आणि चौघं आणि मी सगळे फक्त त्याच्या डाव्या हाताकडे बघत होतो. तो हात उठला नाही. मोठ्या माणसाचा हात नुसता पडून राहिला होता, दुपारी धक्क्यावर झोपलेल्या माणसाचा असावा तसा. दाढ ट्रेमध्ये पडली त्याचा आवाज आला, तेव्हा त्याच्या बोटांचे माझ्या मनगटावर उमटलेले लाल वळ मला दिसले. तेसुद्धा भीतीचे नव्हते म्हणे. तो नंतर म्हणाला, तुला आधार म्हणून धरलं होतं. तूच थरथरत होतास.

त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला. "माय, तांडेलाची दाढ निघाली!"

"तांडेल म्हंजे कोन?"

"होडीचा डायवर म्हन."

"मग त्येच्यात तुला कामून येवढा आनंद झालाय?" माय म्हणाली. तिला सांगायला बसलो तर हाक, ओठ, जांभा, सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "बांगडे मिळतील फुकट." आणि मिळाले, ही गोष्ट वेगळी.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्यानं होडी काढली. मालक स्वतः धक्क्यावर उभा होता असं मला कळलं. मी गेलो नव्हतो, दवाखाना होता. पण दुपारी खिडकीतून मी दोनदा तरी समुद्राच्या दिशेला बघितलं, जरी आमच्या खिडकीतून फक्त समोरची इमारत आणि माडांचे शेंडे दिसतात.

पंधरवड्यानं होडी परत आली तेव्हा तांडेल दवाखान्यात आला. आता गाल दोन्हीकडं सारखे, अंग उन्हानं काळवंडलेलं. बरोबर तोच टाळी वाजवणारा खलाशी. तांडेलानं त्याच्या मानेला धरून खुर्चीकडे ढकललं. "बघा बाई ह्येची. खालचीच हाय. सांगत नव्हता, भाकरी एका बाजूनं खाताना पकडला."

बाईंनी तपासलं, त्याला इंजेक्शन दिलं. तांडेलानं बजावल्यामुळं त्यानं तोंड एवढं मोठं उघडलं की बाईंनाच म्हणावं लागलं, "एवढं नको, जबडा निखळेल." मग मी स्टूल ओढलं. तांडेल उशाशी, कमरेवर हात ठेवून उभा.

"कसं लागतंय?"

खलाशानं माझ्याकडे पाहिलं, मग तांडेलाकडे. त्याचे ओठ ‘होय’साठी हलले.

तांडेल खाली वाकला. "खरं बोल मेल्या. नसंल झालं तर नाय म्हण. मी उभा हाय."

खलाशानं ओठ चाचपला. खालून, वरून, मधल्या रेषेपर्यंत. आणि मग मान हलवून स्पष्ट म्हणाला, "नाय. अजून नाय."

"शाबास!" तांडेल असा गरजला की बाहेर बसलेल्या पेशंटच्या हातातलं मासिक खाली पडलं. बाई हसत हसत घड्याळाकडे वळल्या. "थांबू मग. घाई कुणाला आहे?"